गावातले बाकीचे लोक

घाटाच्या पायथ्याशी, जिथे दोन ओढे मिळून त्यांची नदी होते, तिथे तीनशे माणसांचं एक गाव होतं आणि त्या गावात एक कासारीण राहत होती. सगुणा तिचं नाव. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. तिच्या स्वतःच्या हातात एकही बांगडी नव्हती, पण गावातल्या प्रत्येक बाईच्या हातातली बांगडी तिनेच भरलेली होती. कुणाचा हात कडक, कुणाचा लोण्यासारखा मऊ, कुणाला कुठलं माप, सगळं तिला तोंडपाठ. बांगडी चढवताना ती पंजा असा काही हलकेच दाबायची, की लहान मुलगीसुद्धा हूं की चूं करत नसे.

एका वर्षी सुगी संपता संपता घाटापलीकडून वाईट बातम्या येऊ लागल्या. तिकडे फोडांची साथ पसरली होती. अंगभर फोड उठायचे, ताप डोक्यात चढायचा, आणि शंभर आजाऱ्यांतले तीस पुन्हा अंथरुणातून उठत नसत. जे उठत, त्यांतल्या काहींचे डोळे गेलेले असत.

त्याच दिवसांत एक म्हातारा वैद्य गावात आला. त्याच्यासोबत घाटापलीकडचा एक गवळी होता. दोघं सात दिवस चालून आले होते. वैद्याने पारावर गाव गोळा केलं आणि गवळ्याच्या दंडावर बांधलेलं फडकं सोडलं. दंडावर एकच टपोरा फोड होता.

बायका मागे सरकल्या. कुणीतरी ओरडलं, "साथ घेऊनच आलात की काय गावात?"

"नाही हो," वैद्य म्हणाला. "गाईच्या आचळांवर एक साधा आजार येतो, त्याचा हा फोड. यातलं पाणी म्हणजे लस. ती तुमच्या दंडावर टोचली की तुम्हालाही असाच एक फोड येईल, आठव्या दिवशी पिकेल, मग खपली धरून गळून पडेल. त्यानंतर ही साथ तुमच्या अंगाला शिवणार नाही. आणि तुमच्या फोडातून पुढच्या दहा जणांना लस देता येईल. ही लस कुपीत टिकत नाही. माणसाच्या अंगातच जगते, एकाकडून दुसऱ्याकडे जाते. मधे कुणी पुढे आलं नाही, तर संपली."

पाटील समोरच बसले होते. त्यांनी विचारलं, "काही धोका?"

"आहे," वैद्य म्हणाला. "लपवणार नाही. दोन-तीन दिवस ताप येतो. हात सुजतो. शंभरात एखादा पंधरा-वीस दिवस अंथरूण धरतो. माझ्या हातून आजवर हजारभर लोकांनी लस घेतली. त्यांतला एक दगावला. त्याचं नाव मला अजून आठवतं."

त्याने पुन्हा गवळ्याच्या दंडाकडे बोट केलं.

"गवळ्याचा फोड आज पिकलाय, उद्या सुकेल," वैद्य पुढे म्हणाला. "दिवस मावळायच्या आत ठरवा."

पाटील शहाणे होते, पण सावध होते. ते म्हणाले, "असं करू. कुणीतरी एकाने आज घ्यावी. आठ दिवस आपण बघू. त्याचं ठीक झालं, तर बाकीचे घेतील."

सगळ्यांना ते पटलं. मात्र तो एक कोण, हे कुणीच बोलेना. माणसं एकमेकांकडे बघायची आणि नजर भिडली की ओढ्याकडे बघायची.

सगुणा मागच्या ओळीत उभी होती. तिने विचारलं, "वैद्यबुवा, पोटुशा बायांना देता का ही?"

"नाही बाई. पोटुशीला देत नाही, तान्ह्या बाळालाही देत नाही. त्यांना वाचवायचं, तर त्यांच्या आसपासच्यांनी घ्यायची. साथ माणसाच्या हातावरून, श्वासावरून फिरते. आसपास कुणाला झालीच नाही, तर ती त्यांच्यापर्यंत पोचणार कशी?"

सगुणाने आपल्या हातांकडे पाहिलं. त्या एका महिन्यात तिने गावातल्या पाच पोटुशा बायांना हिरवा चुडा भरला होता. तिचा हात गावातल्या घराघरातल्या हाताला लागत होता. साथ आली, तर ती आधी याच हातांवर बसून घरोघर जाणार होती.

पण तिला दुसरंही कळत होतं. ती एकटी होती. ताप चढला, तर तोंडात पाणी घालायला घरात कुणी नव्हतं. वैद्याला ज्याचं नाव आठवत होतं, त्याच्यानंतरचं नाव आपलं असू शकतं, हेही तिच्या मनात येऊन गेलं.

सूर्य घाटाच्या कड्याला टेकला, तशी ती पुढे आली आणि तिने पदर सारून दंड उघडा केला.

"टोचा," ती म्हणाली. "लवकर टोचा, नाहीतर माझं मन फिरेल."

पुढचे तीन दिवस ठीक गेले. चौथ्या दिवशी ताप भरला. दंड टम्म फुगला. सगुणा अंथरुणावर पडून आढ्याकडे बघत राहिली. वैद्य सकाळ-संध्याकाळ येऊन काढा द्यायचा. शेजारची बाई पेजेचं भांडं उंबऱ्यावर ठेवायची आणि दारातूनच विचारायची, "काकू, आहे ना गं धुगधुगी?" ताप डोक्यात होता तेव्हा सगुणाला वाटलं, आपण फार मोठी चूक केली. ती रडलीसुद्धा. सातव्या दिवशी ताप उतरला. आठव्या दिवशी ती उठून बसली. दंडावर टपोरा फोड पिकला होता आणि तिला सडकून भूक लागली होती.

वैद्य खूश झाला. "बाई, आता दहा जण बोलवा. मी पारावर बसतो."

वैद्य पारावर जाऊन बसला. सकाळ वर चढली, उन्हं पारावर आली. एक कुत्रं येऊन त्याच्या पायाशी झोपलं. माणूस मात्र एकही आला नाही.

सगुणाला वाटलं, लोकांना निरोप गेला नसेल. म्हणून ती घरोघर निघाली. अशक्तपणाने पाय लटपटत होते.

पहिल्या घरात सुतार होता. तो म्हणाला, "घेणार की काकू. पण आज नको, हातात दाराचं काम आहे. बाकीचे घेतीलच की आज."

दुसऱ्या घरात सून म्हणाली, "सासूबाई म्हणतात, बाकीच्यांनी घेतली म्हणजे झालं. मग आपल्या घरात साथ येणार कुठून?"

तिसऱ्या घरात हेच, चौथ्या घरातही हेच. पाटील घरात नव्हते, शेतावर गेले होते. कुणी तिला घालवून दिलं नाही, कुणी वेडंवाकडं बोललं नाही. तिच्या हातात गूळ-पाणी दिलं, तिच्या तब्येतीची चौकशी केली. पण जो तो बाकीच्यांकडे बोट दाखवत होता. वीस घरं झाली. ऊन डोक्यावर आलं.

शेवटी ती तालमीत गेली. तिथे रायबा पैलवान जोर काढत होता. पंचक्रोशीत त्याच्यासारखा गडी नव्हता, फक्त एक सोडून. तो एक म्हणजे तळवाडीचा मल्ल. मागच्या वर्षी तळवाडीच्या जत्रेत त्याने रायबाला चीत केलं होतं. वर्षभर रायबा त्या एका कुस्तीसाठी घाम गाळत होता आणि जत्रा बरोबर आठ दिवसांवर आली होती.

सगुणाने येण्याचं कारण सांगितलं. रायबा मातीतून उठला, अंग पुसत म्हणाला, "काकू, मी तुम्हाला खोटं बोलणार नाही. टोचून घ्यायला मी भीत नाही. पण माझा दंड सुजला, तर जत्रेत मी उभा राहू शकणार नाही. वर्ष वाया जाईल. आणि विचार करा, गावात तीनशे माणसं. दोनशे नव्व्याण्णव जणांनी घेतली आणि मी एकट्याने नाही घेतली, तर काय बिघडलं? साथ गावात शिरणारच नाही. मग मी फुकट धोका का घेऊ?"

"हिशोब बरोबर आहे तुझा," सगुणा म्हणाली. ती तिथेच लाकडी ओंडक्यावर टेकली. तिला धाप लागली होती. "तुझ्याआधी वीस घरांनी मला हाच हिशोब सांगितला."

"मग?"

"सकाळपासून मी त्या बाकीच्यांना शोधतेय, रायबा. सुताराला विचारलं, तो म्हणाला बाकीचे. कुंभाराला विचारलं, तो म्हणाला बाकीचे. आता तूही म्हणतोस बाकीचे. अरे, सगळं गाव पालथं घातलं मी. बाकीचे असे कुणी या गावात राहतच नाहीत. जे आहोत ते आपणच आहोत."

रायबाने मूठभर माती उचलली आणि हातातून गळू दिली.

मग त्याने विचारलं, "काकू, त्रास झाला फार?"

"झाला. चौथ्या दिवशी मी रडले. खोटं कशाला सांगू?"

"मग उद्या पुन्हा घ्यायची वेळ आली, तर घ्याल?"

सगुणाने थोडा विचार केला. "घेईन. पण पुन्हा रडेन."

रायबाला हसू फुटलं. हसता हसता त्याचा चेहरा उतरलाही, कारण वर्षभराची मेहनत त्याला समोर दिसत होती. त्याने भिंतीवरच्या खुंटीचा सदरा काढला, खांद्यावर टाकला आणि म्हणाला, "चला."

भर दुपारी पैलवान आणि त्याच्यामागे लटपटत चालणारी कासारीण गावातल्या मोठ्या गल्लीतून निघाली. दारादारांत माणसं उभी राहिली. रायबा पाराशी पोचला आणि वैद्यापुढे मांडी घालून बसला.

"कुठल्या हातावर टोचू?" वैद्याने विचारलं.

"डावा घ्या," रायबा म्हणाला, आणि मग गावाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलला, "बाकीच्यांपैकी मी एक आलोय. अजून नऊ जण हवेत."

गल्लीत चुळबुळ झाली. आधी सुतार आला, हातात रंधा तसाच होता. मग दुसऱ्या घरातली सासूबाई सुनेचा हात सोडून पुढे आली. "हिला तान्हं आहे, दुधासाठी ही जपायला हवी," ती म्हणाली, "मला टोचा." कुंभार आला, कोष्टी आला. शेतावरून परत येणारे पाटील गर्दी बघून थांबले. सगळं कळल्यावर त्यांनी फेटा काढून गुडघ्यावर ठेवला.

"मी म्हणालो होतो, आठ दिवस बघू," पाटील म्हणाले. "बघितलं. आता माझाही हात घ्या."

दिवस मावळायच्या आत दहा झाले. अकरावा माणूस पुढे आला, तर त्याला सांगावं लागलं की पुढच्या आठवड्यात ये.

त्या आठ दिवसांत वैद्याने आणखी एक गोष्ट केली. हजारो मनगटं हाताळलेली सगुणाची बोटं त्याने पाहिली होती. त्याने तिला लस टोचायला शिकवलं. सुई विस्तवावर कशी तापवायची, कातडीवर किती खोल ओरखडा काढायचा, फोडातलं पाणी कसं घ्यायचं. दोन दिवसांत ती त्याच्यापेक्षा हलक्या हाताने ते काम करू लागली.

सगळ्यांनाच सोपं गेलं नाही. नऊ जण दोन-चार दिवसांत उठले, पण कोष्टी उठला नाही. त्याचा ताप उतरेना, शुद्ध गेली, हात काखेपर्यंत लाल झाला. गाव हबकलं. मात्र या वेळी पेजेचं भांडं उंबऱ्यावर राहिलं नाही, आत गेलं. सासूबाई त्याच्या उशाशी बसल्या, पाटलांनी आपली गाय त्याच्या दारात बांधली, आणि मागावर अर्धवट राहिलेलं लुगडं त्याची बायको आणि शेजारची पोरं मिळून विणू लागली. वैद्य त्याच्याजवळून हलायला तयार नव्हता. टोचल्यापासून सहाव्या दिवशी कोष्टी शुद्धीवर आला. महिन्याभराने तो मागावर बसला. डाव्या हाताची ताकद मात्र थोडी उणीच राहिली. त्याला कुणी विचारलं, तर तो म्हणायचा, "माझ्या वाट्याला जरा जास्त आलं. पण मी पडलो तेव्हा सारं गाव माझ्या घरात होतं."

आठवा दिवस उजाडला. दहाही जणांचे फोड पिकले होते. गावात सगुणा नऊ जणांच्या फोडांतून पुढच्या नव्वद जणांना टोचायला बसली, आणि त्याच दिवशी तळवाडीत जत्रा होती. रायबाने वैद्याला म्हटलं, "कोष्ट्याचा ताप उतरलाय. तुम्ही माझ्यासोबत चला."

तळवाडीच्या आखाड्याभोवती पाच गावांची माणसं जमली होती. हलगी घुमत होती. तळवाडीचा मल्ल लंगोट कसून मातीत उभा होता. रायबा आखाड्यात उतरला, तशा आरोळ्या उठल्या. पण त्याने सदरा काढला नाही. त्याने फक्त डावी बाही वर सारली.

"आज मी कुस्ती खेळणार नाही," तो म्हणाला.

हलगी थांबली. मग चहूकडून हसणं उठलं. "पळपुटा!" कुणी ओरडलं. "मागच्या वर्षीची पाठ अजून दुखते वाटतं!" मातीची ढेकळं येऊन पडली. एक त्याच्या छातीवर फुटलं. रायबाचे कान तापले. उजवा हात आपोआप मुठीत वळला. या माणसांसमोर उभं राहण्याची आपण वर्षभर वाट पाहिली आणि आज काय ऐकतोय, असं त्याला झालं. पण त्याने मूठ सोडली आणि दंड वर धरून तो आखाड्याच्या चारी बाजूंना फिरला, सगळ्यांना फोड दिसावा म्हणून.

"घाटापलीकडे साथ आलीय," तो मोठ्याने म्हणाला. "ती इकडेही येणार. या फोडात तिच्यावरची लस आहे. आज दहा जणांना मिळेल, उद्या हा सुकेल. ताप येतो, हात सुजतो, आमचा एक माणूस तर मरता मरता वाचला. तरी आमचं गाव घेतंय. मला हसायचं तर हसा. पण हसून झाल्यावर दहा जण पुढे या."

हसणं थांबलं, पण पुढे कुणी येईना. तेव्हा तळवाडीचा मल्ल मातीतून चालत रायबासमोर आला. त्याने त्याचा दंड हातात धरून निरखला.

"एवढ्यासाठी कुस्ती सोडलीस?"

"सोडली."

मल्ल म्हणाला, "मी लहान होतो तेव्हा ही साथ आली होती. आम्ही पाच भावंडं होतो. आता मी एकटा आहे." त्याने आपला भलामोठा दंड वैद्यापुढे केला. "टोचा. आणि हलगी बंद का? वाजवा!"

हलगी वाजू लागली. त्या तालावर तळवाडीचा मल्ल टोचून घेतोय, हे पाहून पाचही गावांतली माणसं रांगेला लागली. दहा जण क्षणात झाले. प्रत्येक गावाला दोन-दोन येतील अशी वैद्याने वाटणी केली, म्हणजे आठ दिवसांनी प्रत्येक गावात लस पिकलेली असणार होती. संध्याकाळी रायबाला त्याच आखाड्यातून खांद्यावर घेऊन मिरवणूक निघाली. ज्याने ढेकूळ मारलं होतं तो पुढे नाचत होता.

साथ आली ती दीड महिन्याने, बैलांच्या व्यापाऱ्यांच्या तांड्यासोबत. एक व्यापारी फणफणलेला, अंगभर फोड आलेला, गावच्या धर्मशाळेत येऊन कोसळला. दुसरं कुठलं गाव असतं तर लोकांनी दारं लावून घेतली असती. इथे सुतार आणि कुंभार त्याला उचलून आत घेऊन गेले. सगुणाने त्याचं अंग पुसलं, त्याच्या तोंडात थेंब थेंब पाणी घातलं. तेव्हा तो ग्लानीतून पुटपुटला, "बाई, लांब हो. तुलाही होईल."

"नाही होणार," सगुणा म्हणाली. "पी तू पाणी."

व्यापारी बरा झाला. साथ महिनाभर त्या खोऱ्यात रेंगाळली, एका धर्मशाळेतून दुसऱ्या धर्मशाळेत गेली, पण घरांत शिरायला तिला वाट सापडेना. जिथे जावं तिथे टोचलेली माणसं. पाच पोटुशा बाया एकामागून एक बाळंत झाल्या. पाचही बाळं टाहो फोडत जन्मली आणि त्यांच्या अंगावर एकही फोड उठला नाही.

ही गोष्ट घाटाच्या वर गेली. ज्या गावाला लस हवी असे, तिथून एखादा धडधाकट माणूस येई, टोचून घेई आणि आठ दिवसांच्या आत आपल्या गावी पोचे. कुणी डोंगरातून येई, कुणी नदीच्या खालच्या अंगाने. एकदा सात दिवसांच्या वाटेवरून एक विधवा बाई आणि तिचा दीर आले. गाव त्यांना जेवू घालून शिदोरी देई आणि वेशीपर्यंत पोचवायला जाई. लस घेऊन पुढच्या गावांना गेलेला वैद्य वर्षाच्या शेवटी परत आला. त्याने खोऱ्यातली सगळी गावं पायी पालथी घातली होती. चावडीसमोर उभं राहून तो म्हणाला, "चव्वेचाळीस गावं फिरलो. या सहा महिन्यांत एकाही गावात साथीने माणूस गेलेला नाही." एवढं बोलून तो खाली बसला. मग पाटलांनी हलगी मागवली, बायांनी फेर धरला, आणि त्या दिवशी गावात कुणी शेतावर गेलं नाही.

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: सगळ्यांच्या भल्यासाठी थोडा धोका उचलायची वेळ येते तेव्हा आपल्याला वगळून उरलेलं गाव मोजू नये, मोजणी आपल्यापासून सुरू करावी. आणि ज्याच्या वाट्याला त्यातला त्रास जास्त येईल, त्याला एकटं पडू देऊ नये.